सीपॅन : पर्ल भाषेचे सामाईक भांडार

पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेतील तयार मॉड्यूल (म्हणजे पुन्हा वापरता येणारे कोडचे तुकडे), त्यांची माहितीपत्रे आणि चाचण्या एकत्र मिळाव्यात म्हणून वापरकर्त्यांनीच उभारलेले मुक्त भांडार. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह पर्ल अर्काइव्ह नेटवर्क’ हे त्याचे पूर्ण नाव.

लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये पर्ल प्रसिद्ध केली. ऑक्टोबर १९९४ मध्ये पर्ल ५ आली, तिच्यात मॉड्यूलची सोय झाली आणि भाषेच्या गाभ्याला हात न लावता कोणालाही भर घालता येऊ लागली. लोक भराभर मॉड्यूल लिहू लागले, पण ती सारी निरनिराळ्या एफटीपी सर्व्हरवर (फायली उतरवून घेण्याच्या संगणकांवर) विखुरलेली होती. टेक या अक्षरजुळणी प्रणालीच्या वापरकर्त्यांचा सीटॅन हा संग्रह तेव्हा चालू होता. त्याचा कित्ता गिरवत ऑक्टोबर १९९५ मध्ये सीपॅन सुरू झाले. फिनलंडचे यार्को हिएतानिएमी यांनी त्याच्या ग्रंथपालाची जबाबदारी घेतली. पुढे अनेक देशांतील विद्यापीठांनी व इंटरनेट कंपन्यांनी आपापल्या सर्व्हरवर त्याच्या प्रती ठेवल्या.

मॉड्यूल चढवण्याचे काम ‘पॉज’ या सर्व्हरवरून होते; तो आंद्रेआस क्योनिग यांनी उभारला. मॉड्यूलसाठी एखादे नाव जो आधी वापरेल, त्याचा त्यावर हक्क. चढवण्यापूर्वी कोड कोणी तपासत नाही.

ही उणीव भरून निघते ती चाचण्यांमुळे, आणि सीपॅनचे खरे मोठेपण त्यातच आहे. मॉड्यूलसोबत चाचण्या देण्याची रीत पर्लच्या जगात फार लवकर रुजली. मॉड्यूल बसवताना त्या आधी चालतात. त्या ‘ओके १’, ‘ओके २’ असे निकाल देतात आणि कुठे ‘नॉट ओके’ आले, तर मॉड्यूल सहसा बसवले जात नाही. १९९८ पासून ‘सीपॅन टेस्टर्स’ हा गट याच चाचण्या स्वतःच्या यंत्रांवर, विनामोबदला चालवून पाहतो. लिनक्सवर लिहिलेले मॉड्यूल विंडोजवर किंवा पर्लच्या जुन्या आवृत्तीवर का अडले, याचा अहवाल लेखकाने न मागता मिळतो. त्यात ऑपरेटिंग सिस्टीम, पर्लची आवृत्ती आणि अयशस्वी चाचणीचा निकाल जसाच्या तसा असतो. ज्याच्याकडे एकच संगणक आहे, अशा हौशी लेखकाला याहून मोठी मदत कोणती?

लेखकाने काम सोडले, तरी मॉड्यूल बेवारस होत नाही. ‘अडॉप्टमी’ या नावाच्या खात्याला हक्क देऊन ते दत्तक देता येते; लेखकाशी संपर्कच होत नसेल, तर पॉजचे व्यवस्थापक इच्छुकाकडे ते सोपवतात. काढून टाकलेल्या जुन्या आवृत्त्या ‘बॅकपॅन’ या संग्रहात राहतात. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या एनपीएम भांडारातून ‘लेफ्ट-पॅड’ हे जेमतेम काही ओळींचे पॅकेज लेखकाने काढून घेतले आणि असंख्य प्रकल्पांची बांधणी बंद पडली. तेव्हा या व्यवस्थेचे मोल ठळकपणे दिसले.

ग्रॅहॅम बार यांनी सुरू केलेले शोधाचे जुने संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले. आता शोध ‘मेटासीपॅन’वर होतो. आर या संख्याशास्त्रीय भाषेच्या ‘क्रॅन’ भांडारापुढेही सीपॅनचा नमुना होता. मॉड्यूल निवडताना शेवटच्या आवृत्तीची तारीख, प्रलंबित तक्रारी आणि आपल्याच पर्ल आवृत्तीवरचे चाचणी अहवाल पाहावेत. मेटासीपॅनवर मॉड्यूलच्या पानावरूनच या माहितीकडे जाता येते.