फोनला अंतर कळतं, हवा कळत नाही

मे २०२० च्या पहिल्याच दिवशी, ऐन आंब्याच्या हंगामात, केंद्र सरकारचा आदेश आला. नोकरी सरकारी असो की खासगी, प्रत्येक कर्मचाऱ्याच्या फोनवर कोविडबाधिताशी झालेला संपर्क टिपणारं 'आरोग्य सेतू' हे ॲप हवंच, आणि ते शंभर टक्के लोकांनी घेतलंय की नाही हे बघायची जबाबदारी संस्थाप्रमुखाची. ऑफिसात हे चालून जातं. पण रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या मासेमारी जेटीवर संस्थाप्रमुख कोण? नौकेचा मालक, ती हाकणारा तांडेल, की लिलाव पुकारणारा? देवगडात खंडाने घेतलेल्या बागेत पेट्या भरणाऱ्या बायकांचा प्रमुख कोण? दोनेक आठवड्यांत नियमावलीतली भाषा 'शक्य तेवढे प्रयत्न करा' इथवर खाली आली. प्रश्न मात्र अजून तसाच आहे. पुढची साथ आली, तर कोकणातल्या धंद्यांना असल्या ॲपचा उपयोग किती?

आधी ॲप करतं काय ते पाहू. तुमचा फोन ब्लूटूथवरून एक सांकेतिक क्रमांक सतत प्रसारित करत असतो. जवळचा फोन तो टिपतो, किती वेळ आणि किती जोरात ऐकू आला तेही टिपतो. याला इंटरनेट लागत नाही. पुढे कुणी पॉझिटिव्ह निघालं की दोन वाटा फुटतात. आरोग्य सेतूत नोंदणी मोबाइल नंबरावर होती, जोडीला जीपीएसचं ठिकाणही घेतलं जाई. बाधित माणसाच्या फोनमधली भेटींची नोंद सरकारी सर्व्हरवर जायची आणि कोणाला सावध करायचं ते तिथे ठरायचं. ॲपल आणि गुगलने मे २०२० मध्येच आणलेली पद्धत उलटी होती. क्रमांक दर दहा-वीस मिनिटांनी बदलायचा, बाधिताच्या फोनमधून फक्त त्याच्या स्वतःच्या किल्ल्या (ज्यांपासून ते क्रमांक बनतात ते संकेत) बाहेर पडायच्या आणि जुळणी प्रत्येकाच्या फोनवरच व्हायची. कोण कोणाला भेटलं हे सरकारलाही कळायचं नाही, मालकालाही नाही.

दोन्ही वाटांची खरी दुखणी त्याच्या आधीच सुरू होतात. ब्लूटूथला अंतर मोजता येत नाही, ते सिग्नलच्या जोरावरून अंदाज बांधतं. हा सिग्नल २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा, आणि माणसाचं पाण्याने भरलेलं शरीर तो बऱ्यापैकी शोषून घेतं. दोघं पाठीला पाठ लावून बसले आणि फोन पुढच्या खिशात असले, तर ते लांब आहेत असं वाटतं. धातूचं याच्या उलट, त्यावरून सिग्नल उसळी मारून परत येतो. डब्लिनच्या संशोधकांनी २०२० मध्ये ट्राममध्ये फोन ठेवून चाचणी केली. जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या ॲपचे निकष लावले तर शेजारी बसलेल्यांपैकीही कुणाला इशारा गेला नसता. इटलीचे लावले तर जवळच्यांतल्या निम्म्यांना गेला असता आणि लांबच्यांतल्या निम्म्यांनाही. नाणं उडवल्यासारखंच झालं हे. लोटे परशुरामच्या रासायनिक कारखान्यात, टाक्या आणि पाइपांच्या गर्दीत, ब्लूटूथचं याहून बरं काही होईल असं मानायला जागा नाही. शिवाय मासळी उतरवताना फोन अंगावर ठेवतो कोण? तो केबिनमध्ये, नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कुठेतरी खोचलेला. म्हणजे ॲप मोजणार दोन पिशव्यांतलं अंतर.

पण समजा, फोनला अंतर अगदी बिनचूक कळलं. तरी भागत नाही, कारण कोविडचा विषाणू दोन मीटरची रेघ पाळत नव्हता. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट इथे ६१ जण समूहगानाच्या सरावाला जमले, अडीच तास गायले, आणि त्यांतले ५३ जण आजारी पडले. बंद खोली, मोठा आवाज, बराच वेळ. (गणपतीत घरोघरी फिरणाऱ्या आपल्या भजनी मंडळांना हे वर्णन अपरिचित वाटू नये.) खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्याला ॲपने 'संपर्क' मानलंच नसतं. उलट हर्णैला संध्याकाळी वाळूत लिलाव चालतो, तिथे माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात, पण वर आभाळ आणि समुद्राचा वारा. तिथे जोखीम शून्य नाही, मात्र पत्र्याच्या बंद शेडच्या मानाने ती बरीच कमी. ॲपला हे दोन्ही सारखेच, किंबहुना हर्णैच जास्त धोक्याचं.

त्यात गणिताचा फटका वेगळा. संपर्क टिपायला दोन्हीकडे ॲप लागतं. शेडमध्ये वीस माणसं आहेत, दहांकडे ॲप चालू आहे असं धरा. वीस जणांच्या जोड्या होतात १९०, त्यांपैकी दोघांकडेही ॲप असलेल्या फक्त ४५. निम्म्यांनी ॲप घेतलं तरी पाव जोड्यासुद्धा हाती लागत नाहीत. साधे फोन वापरणाऱ्यांसाठी सरकारने १९२१ हा मिस्ड कॉलचा नंबर दिला होता, पण त्यावर स्वतःची लक्षणं सांगता यायची; शेजारी कोण होतं ते त्या फोनला कळणार कुठून?

आणि रेंज! भेट टिपायला ती लागत नसली तरी इशारा पोचायला लागतेच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर आलं. दिवेआगर, मंडणगड, दापोली पट्ट्यात खांब आडवे झाले, वीज गेली, टॉवर बंद पडले, आणि कितीतरी वाड्यांना पूर्ववत व्हायला आठवडे लागले. साथ ऐन भरात असताना फोन चार्ज कुठे करायचा हाच प्रश्न होता.

एवढं सगळं म्हटल्यावर ही ॲपं फुकट गेली असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो चुकीचा ठरेल. इंग्लंड आणि वेल्समध्ये २८ टक्क्यांच्या आसपास लोकांनी ॲप वापरलं, आणि २०२० च्या शेवटच्या तीनेक महिन्यांत त्यामुळे काही लाख संसर्ग टळले असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तिथे स्मार्टफोन होते, चाचणीचा निकाल ॲपवरच येत होता आणि निकालापासून इशाऱ्यापर्यंतची साखळी मध्येच तुटत नव्हती.

माझ्या मते आपल्या धंद्यांना फोन-ते-फोन पद्धतीपेक्षा जागेची नोंद जास्त कामाची. हॉटेल, होम-स्टे, पॅकिंग शेड, स्कूबाची बोट यांच्या दारात क्यूआर कोड. आत येणाऱ्याने तो स्कॅन करायचा, आणि जागा व वेळ त्याच्याच फोनमध्ये राहायची. न्यूझीलंड आणि इंग्लंडने हेच केलं. अमुक दिवशी चार ते सहा या वेळात इथे बाधित माणूस होता असं आरोग्य खात्याने जाहीर केलं की प्रत्येक फोन आपापली नोंद ताडून पाहतो. यात अंतर मोजायची भानगड नाही. एकाच हवेत कोण होतं हे कळतं, आणि हवेतून पसरणाऱ्या रोगात प्रश्न तोच असतो. ज्याच्याकडे फोन नाही त्याच्यासाठी वही. फक्त ती वही आपण २०२० मध्ये ठेवली तशी नको. काउंटरवर उघडी, पुढच्या गिऱ्हाइकाला आधीच्या वीस जणांची नावं आणि नंबर दिसताहेत, पेन दोरीने बांधलेलं. मुलीबाळींनी तिथे खरा नंबर का लिहावा? एका पानावर एक नोंद, पेटीत टाकायची आणि ठरावीक दिवसांनी जाळायची, इतकं तर कुठल्याही टपरीला जमेल.

माहिती एका जागी साठली की तिला पाय फुटतात. जर्मनीत हॉटेल-बारसाठी 'लुका' नावाचं ॲप होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये माइन्झमध्ये बारमधून निघालेल्या एका माणसाचा पडून मृत्यू झाला, आणि साक्षीदार शोधायला पोलिसांनी आरोग्य खात्यामार्फत लुकातल्या २१ जणांची माहिती मिळवली. कायद्याला ते मंजूर नव्हतं, नंतर माफी मागावी लागली. आपल्याकडे वैयक्तिक माहितीचा स्वतंत्र कायदा संसदेत मंजूर झाला तोच मुळी ऑगस्ट २०२३ मध्ये.

मात्र सगळ्यात कच्चा दुवा रोजंदारीचा आहे. आंब्याचा हंगाम धरून चालला तर दोनेक महिन्यांचा. त्यात फोन म्हणाला, चौदा दिवस घरी बस, तर मजूर घरी बसेल की ब्लूटूथ बंद करेल? इंग्लंडने सप्टेंबर २०२० पासून विलगीकरणातल्या कमी उत्पन्नाच्या लोकांना ५०० पौंड देऊ केले. मग लक्षात आलं, ॲप नाव-गाव न विचारता इशारा देतं, त्यामुळे ज्याला इशारा आला तो पैसे मागणार कसे? ती सोय करायला डिसेंबर उजाडला. इथे शेडच्या मालकाने, सोसायटीने किंवा सरकारने मजुरीची हमी आधी द्यायला हवी, ॲप नंतर.

पुढची साथ माणसाकडून माणसाकडेच येईल असंही नाही. सिंधुदुर्गात दोडामार्ग, बांदा भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले, त्यांत काजूच्या बागेत राबणारे बरेच. तो पसरतो गोचिडीमुळे. रुग्ण कोणाशेजारी बसला होता हे कितीही अचूक कळलं तरी तिथे फायदा नाही. कुठल्या बागेत कामाला गेला होता आणि जवळ मेलेलं माकड दिसलं होतं का, हे विचारावं लागतं. मजुरांची हजेरी मांडताना बागेचं नाव आणि तारीख लिहून ठेवणाऱ्या बागायतदाराकडे ते उत्तर आजही तयार असतं.