लाईट पूर्ण आहे, तरी मोटर का उचलत नाही?

तासगाव तालुक्यातल्या आमच्या द्राक्षबागेत चुलतभावानं शेततळ्याच्या काठावर मोटर बसवली. दीड एचपीची, सिंगल फेज. मीटर पेटी तिथून 300 मीटर लांब. घरात पडून असलेली 2.5 एमएमची तांब्याची वायर ओढली, बटण दाबलं, तर मोटर फिरेना, नुसती हूं हूं करत राहिली. वायरच्या टोकाला मोजलं तर 230 व्होल्ट. लाईट पूर्ण आहे म्हटल्यावर दोष मोटरीवर गेला.

"दादा, बटण दाब आणि मग मोज," मी म्हटलं. आकडा सव्वाशेच्या आसपास आला. मोटर लगेच बंद केली, नाहीतर कॉईल जळाली असती.

ठिबक चालवणाऱ्याला हे कोडं अवघड नाही. लांब, बारीक पाईपच्या टोकाचा कॉक बंद असेल तर टोकाच्या गेजवर पूर्ण दाब दिसतो. कॉक उघडा, पाणी वाहू लागतं आणि काटा खाली येतो, कारण वाहतं पाणी पाईपच्या अंगाला घासतं. विजेच्या मराठी शब्दांतही हेच आहे. व्होल्टेज म्हणजे दाब, करंट म्हणजे धारा, रेझिस्टन्स म्हणजे रोध. धारा नसेल तर रोधापायी दाब घटत नाही. म्हणून मोटर बंद असताना मीटर पूर्ण 230 दाखवतो, आणि भलेभले तिथेच फसतात.

आता हिशोब. वीज एका तारेनं जाते, दुसरीनं परतते, म्हणून वायर 300 नव्हे, 600 मीटर धरायची. 2.5 एमएमच्या तांब्याचा एवढ्या लांबीचा रोध साधारण 4.3 ओहम. मोटर नीट फिरताना 10 अँपिअर घेते असं धरू. धारा गुणिले रोध, म्हणजे 43 व्होल्ट वाटेतच गेले. हा नियम जर्मनीतल्या गेऑर्ग ओहम या शिक्षकानं 1827 मध्ये मांडला. वाया गेलेल्या त्या दाबामुळे 430 वॅट नुसते वायर तापवण्यात जातात.

खरी अडचण सुरुवातीच्या क्षणी असते. थांबलेली मोटर चालू मोटरीच्या पाच-सहापट धारा मागते. धारा वाढली की वाटेतली घटही वाढते. दाब निम्म्यावर आला तर मोटरीचा फिरवायचा जोर पाव होतो, कारण तो दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. मोटर न फिरता मोठी धारा पीत बसते, कॉईल तापते, वार्निश करपल्याचा वास येतो.

याच कारणानं कोयनेची वीज 230 व्होल्टवर नाही, लाखो व्होल्टवर दूर नेतात. तीच वीज जास्त दाबावर नेली तर धारा कमी लागते, आणि तारेतली उष्णता धारेच्या वर्गाप्रमाणे घटते. धारा दहापट कमी, तर तोटा शंभरपट कमी. मग गावातली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, 11 हजार व्होल्टचा दाब उतरवून आपल्याला देते. डीपी ते मोटर या शेवटच्या तुकड्यात मात्र आपण हाताशी असेल ती वायर जोडतो.

दादानं 6 एमएमची वायर आणली. जाडी वाढली तसा रोध 1.9 ओहमच्या आत आला. दुसऱ्या दिवशी मोटरीनं पहिल्याच दाबाला उचल घेतली, आणि पाणी पडत असताना टोकाला मीटर 211 दाखवत होता.