लेमूर: नाव रात्रीचं, प्राणी दिवसाचा

स्वीडनचा राजा अडॉल्फ फ्रेडरिक याला दूरदेशीचे प्राणी जमवण्याचा भारी नाद होता. त्या संग्रहाची वर्णनसूची कार्ल लिनियसनं, म्हणजे प्राण्यांना-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडिश डॉक्टरानं, तयार केली आणि १७५४ मध्ये ती लॅटिन आणि स्वीडिश भाषांत छापली गेली. तिच्यात त्यानं 'लेमूर' हे नाव वापरलं (आज ते मादागास्कर बेटावरच्या, माकडांच्या दूरच्या नातलगांचं आहे) आणि त्यामागचं कारणही तिथेच देऊन टाकलं: हे प्राणी मुख्यतः रात्री हिंडतात, थोडेफार माणसासारखे दिसतात आणि संथ पावलांनी भटकतात.

नाव ठेवणाऱ्यानंच कारण लिहून ठेवलेलं असताना खरं तर वाद उरायला नको. पण आजही अनेक ठिकाणी वेगळंच वाचायला मिळतं: लेमूरचे चमकणारे डोळे नि रात्रीच्या किंकाळ्या यांमुळे हे नाव पडलं, किंवा मादागास्करचे लोक त्यांना पूर्वजांचे आत्मे मानत म्हणून पडलं. लिनियसच्या वाक्यात यातलं काहीच नाही. त्याच्यासमोर होता तो सडपातळ लोरिस, लेमूरचा नातलग असलेला छोटा निशाचर प्राणी, आणि हा लोरिस राहतो श्रीलंकेत आणि दक्षिण भारतात.

शब्द मात्र भुताखेतांचाच. रोमन लोक भटकणाऱ्या मृतात्म्यांना 'लेमुरेस' म्हणत. कवी होरेसनं त्यांना 'रात्रीचे' हे विशेषणही लावलं आहे. ९, ११ आणि १३ मे या तीन दिवशी त्यांच्यासाठी 'लेमुरिया' हा विधी होई. ओव्हिडनं 'फास्ती' या काव्यात त्याचं बारकाईनं वर्णन केलं आहे. मध्यरात्री घरचा कर्ता अनवाणी उठतो. भूत आडवं येऊ नये म्हणून बोटांमध्ये अंगठा धरून खूण करतो. झऱ्याच्या पाण्यानं हात धुतो, बाकल्याचे (एका शेंगेचे) काळे दाणे घेतो आणि तोंड फिरवून मागे टाकत जातो. 'या दाण्यांनी मी स्वतःला आणि माझ्या माणसांना सोडवून घेतो,' असं नऊ वेळा म्हणतो, पण मागे वळून बघत नाही, कारण मागून येणारा आत्मा ते दाणे वेचत असतो. मग पुन्हा हात धुवून काशाची भांडी वाजवायची आणि 'पितरांनो, बाहेर जा' असं पुन्हा नऊ वेळा म्हणायचं. ओवाळलेला भाकरतुकडा टाकून मागे न बघता घरी येणाऱ्या आपल्या आज्यांना हे सगळं चटकन समजलं असतं. या दिवसांत देवळं बंद असत, आणि मे महिन्यात लग्न केलं तर वाईट होतं, अशी लोकांची समजूत होती.

शब्दाचं मूळ सांगताना ओव्हिड रेमसपाशी जातो. भाऊ रोम्युलसच्या रोमची तटबंदी उभी राहत असताना मारला गेलेला हा रेमस. त्याच्या नावानं 'रेमुरिया' आणि पुढे 'र'चा 'ल' होऊन 'लेमुरिया'. कथा झकास आहे, पण भाषातज्ज्ञ ती गंभीरपणे घेत नाहीत.

दुसऱ्या शतकात रोमन लेखक अपुलेयस यानं आत्म्यांची वर्गवारी केली. देहातून सुटलेला आत्मा तो लेमूर. त्यातला घर सांभाळणारा चांगला आत्मा 'लार' आणि ज्याला थारा नाही असा त्रास देणारा तो 'लार्वा'. लार्वा म्हणजे मुखवटाही. अळीच्या रूपाआड खरा कीटक दडलेला असतो, म्हणून लिनियसनं हा शब्द कीटकांच्या अळीला दिला. एकाच माणसानं रोमन भुतांची दोन नावं जीवशास्त्रात आणून ठेवली. मला त्यात लॅटिन शिकलेल्या डॉक्टराचा मिश्किलपणा दिसतो.

लिनियसच्या १७५८ च्या 'सिस्टेमा नॅच्युरे' या ग्रंथात लेमूर प्रजातीत तीन जाती आल्या. पहिली 'लेमूर टार्डिग्रेडस', म्हणजे हळू चालणारा. हाच तो लोरिस. दुसरी 'लेमूर कॅटा', मादागास्करचा, शेपटीवर काळे-पांढरे पट्टे असलेला. तिसरी 'लेमूर व्होलान्स', एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जाणारा कोलुगो, जो माणूस, माकडं, लेमूर यांच्या प्रायमेट गणातलाही नाही.

पुढच्या पिढ्यांनी ही मोट सोडवली. कोलुगो वेगळा निघाला. १७९६ मध्ये लोरिसलाही स्वतंत्र प्रजाती मिळाली. मूळ नाव मादागास्करकडे गेलं आणि आज लेमूर प्रजातीत एकटा 'लेमूर कॅटा' उरला आहे. गंमत अशी, की हा प्राणी मुख्यतः दिवसा वावरतो. सकाळी जमिनीवर मांडी ठोकून, हात पसरून, पोट उन्हाकडे करून तो खुशाल शेकत बसतो. मादागास्करमध्ये माउस लेमूर, आय-आय असे अस्सल निशाचरही आहेत, पण प्रजातीचं नाव त्यांना मिळालं नाही.

ज्याच्यावरून नाव सुचलं तो लोरिस तर अंधारासाठीच घडलेला. वाटोळे डोळे समोरच्या बाजूला, आणि दृष्टिपटलाच्या मागे चकाकणारा थर. पटलातून निसटलेला प्रकाश त्या थरावरून परत फिरतो आणि पेशींना तो टिपायची दुसरी संधी मिळते. बॅटरीच्या झोतात डोळे चमकतात ते यामुळेच. हालचाल इतकी सावकाश, की भक्ष्य कीटकालाही पत्ता लागत नाही. हातापायांतल्या रक्तवाहिन्या बारीक जाळ्यांत विभागलेल्या असल्यानं तो फांदी तासन्‌तास धरून राहू शकतो. आणि हो, हा प्राणीही हात धुतो, फक्त झऱ्याच्या पाण्यानं नाही, स्वतःच्या मुतानं!

नावाच्या या घोळातून एक अख्खा खंडही जन्मला. मादागास्कर आणि भारत दोन्हीकडे लेमूरसारखे प्राणी कसे, या प्रश्नावर इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ फिलिप स्क्लेटर यांनी १८६४ मध्ये हिंदी महासागरात बुडालेली भूमी सुचवली आणि तिला 'लेमुरिया' म्हटलं. जर्मन जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेलनं तिथे मानवजातीचा पाळणा बांधला, तर तामिळनाडूत ती कल्पना 'कुमारी कंडम' या समुद्रात बुडाल्याचं सांगितल्या जाणाऱ्या तमिळ भूमीशी जोडली गेली. भूखंड सरकतात हे कळल्यावर बुडालेल्या जमिनीची गरज संपली. भारत आणि मादागास्कर सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. लेमूरचे पूर्वज त्यानंतर खूप काळानं, बहुधा वाहत्या झाडाझुडपांवरून, आफ्रिकेतून मादागास्करला पोचले.

भुताखेतांच्या समजुती दक्षिण भारतात लोरिसला महागात पडल्या आहेत. जादूटोण्यासाठी आणि औषधाच्या नावाखाली, विशेषतः डोळ्यांसाठी, त्याला पकडलं जातं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असूनही हे थांबलेलं नाही. २०२२ मध्ये तामिळनाडूनं करूर आणि दिंडिगल जिल्ह्यांत कडवूर इथे ११,८०६ हेक्टरांचं अभयारण्य खास लोरिससाठी जाहीर केलं, देशातलं असं पहिलंच. तो पिकांवरची कीड खातो, हे कारण सरकारनं तेव्हा आवर्जून सांगितलं.