आपत्तीतली विनानिविदा खरेदी : कागद कसे मागवायचे

पूर आला, साथ पसरली, की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला निविदा न काढता खरेदीची परवानगी देता येते. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५० मध्येच तशी सोय आहे आणि ती हवीच. माणसं छपरावर अडकलेली असताना कोटेशनची वाट बघत बसता येत नाही. पण त्याच कलमानुसार, साहित्य वापरलं गेल्याचा अधिकाऱ्याचा दाखला हिशेबात व्हाउचर म्हणून ग्राह्य धरतात. म्हणून पाणी ओसरलं की तो दाखला लोकांनी वाचलाच पाहिजे.

तो मिळवायचा माहिती अधिकाराच्या अर्जाने. हा अर्ज भारताचा कोणताही नागरिक करू शकतो. अर्ज स्वतःच्या नावाने करा. माहिती कशाला हवी, हे सांगावं लागत नाही. कोणी विचारलंच तर माहिती अधिकार कायद्याचं कलम ६(२) दाखवा.

लागतं काय? नमुना 'अ' मधला अर्ज आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी माफ आहे, त्या दारिद्र्यरेषेच्या दाखल्याची प्रत जोडायची. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत मांडावा लागतो.

सगळी मेख मजकुरात आहे. 'ताडपत्र्या एवढ्या महाग का घेतल्या?' असं विचारलं तर 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' असं उत्तर येतं. त्याऐवजी तारखा घालून लिहा: 'या काळात कलम ५० खाली दिलेले खरेदीचे आदेश, पुरवठादारांची देयके, वापराचे दाखले आणि प्राधिकरणाच्या बैठकांची इतिवृत्ते यांच्या प्रती मिळाव्यात.' इतिवृत्तं मागायला विसरू नका. जिल्हाधिकारी अध्यक्ष असले तरी जिल्हा परिषदेचे अध्यक्ष कायद्याने सहअध्यक्ष असतात. ते बैठकीला होते का, काय बोलले, हे तिथेच कळतं. परिषदेवर प्रशासक असेल, तर निवडून आलेला तो आवाजच नसतो.

अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे आवक शाखेत द्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल, तर अर्ज ५ दिवसांत तिकडे पाठवणं त्यांचं काम आहे.

उत्तराची मुदत ३० दिवस, प्रतींना पानाला २ रुपये. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत नमुना 'ब' मध्ये प्रथम अपील करा, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. तिथेही दाद लागली नाही, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. अधिकाऱ्याने विनाकारण उशीर केला असेल, तर आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो. उशीर मोजला जातो तो तुमच्याजवळच्या शिक्क्यावरच्या तारखेवरून. त्या प्रतीची झेरॉक्स दोन्ही अपिलांना जोडा.