कसुती आणि क्रॉस स्टिच: दिसायला जवळची, हाताला निराळी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात भरतकाम नव्याने शिकू लागणाऱ्यांची एक गल्लत हटकून होते. खडे बाजारातून मॅटीचे, म्हणजे धागे सहज मोजता येतील अशा जाडसर विणीचे, कापड आणि रंगीत लड्या आणल्या जातात, मोबाइलवर चौकटींचा एखादा तक्ता शोधला जातो, त्यातला मोर किंवा तुळशी वृंदावन फुल्याफुल्यांनी भरून काढले जाते आणि त्याला कसुती म्हटले जाते. काम सुबक असते, त्यामागची मेहनतही खरी असते. मात्र ती कसुती नसते, ते क्रॉस स्टिच असते. याच्या उलटही घडते. घरातल्या जुन्या इरकल लुगड्यावरची अस्सल कसुती पाहून ‘हे तर शाळेत शिकवतात ते क्रॉस स्टिच’ असे म्हणून ते लुगडे पुन्हा ट्रंकेत ठेवले जाते. धारवाड, हुबळी आणि बेळगाव या पट्ट्यातील ही कला, जिला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, आपल्याच घरात ओळखू येऊ नये, याचे वाईट वाटते.

गल्लत होण्याला कारणे आहेत. दोन्हींमध्ये कापडावर नक्षी छापून किंवा पेन्सिलीने काढून घेत नाहीत. कापडाचे उभे-आडवे धागे मोजूनच टाका पडतो. त्यामुळे दोन्हींच्या नक्षीला एक काटेकोर, भौमितिक वळण येते आणि चौकटीच्या कागदावर दोन्ही उतरवता येतात. दुकानात मागितले जाणारे साहित्यही बरेचसे एकच असते. फरक आहे तो धागा कापडातून कसा प्रवास करतो, यात.

क्रॉस स्टिचचे तंत्र थोडक्यात सांगता येते. एका चौकटीत एक तिरका टाका आणि त्यावर उलट दिशेचा दुसरा, अशी फुली पडते. पूर्ण ओळीचे अर्धे टाके आधी घालून परतताना त्यांवर दुसरे टाके घातले तरी चालते. वरचा टाका मात्र सर्व फुल्यांत एकाच दिशेने झुकलेला असला पाहिजे, नाहीतर भरलेला भाग उजेडात ठिकठिकाणी वेगळा चमकतो. अशा भरलेल्या चौकटींतून रंगाचे पृष्ठभाग तयार होतात, म्हणून छटा बदलत नेऊन फूल, पक्षी, एखाद्याचा चेहराही साकारता येतो. मागची बाजू कशी दिसते, याला येथे फारसे महत्त्व नाही, कारण काम बहुधा फ्रेममध्ये बसते किंवा उशीच्या अभ्र्याच्या आत जाते.

कसुती मुख्यतः रेघांची कला आहे. तिचे चार टाके मानले जातात: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. त्यांतील गवंती समजली की बाकीचे समजणे सोपे जाते, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. गवंती म्हणजे जाऊन-येऊन पूर्ण केलेला धावदोरा. समजा, सरळ रेघ काढायची आहे. सुई वर काढून चार धागे ओलांडावेत आणि खाली घालावी; खालून चार धागे सोडून पुन्हा वर काढावी; असे रेघेच्या टोकापर्यंत जावे. आता वर एक टाका, एक मोकळी जागा, असा क्रम दिसतो आणि मागे त्याच्या नेमका उलट. मग त्याच भोकांतून परत फिरावे, म्हणजे जाताना जिथे जागा राहिली होती तिथे टाका पडतो. परत आरंभी पोहोचेपर्यंत दोन्ही बाजूंना एकसारखी अखंड रेघ तयार झालेली असते.

खरी परीक्षा फांद्या फुटतात तिथे होते. रेघेच्या एखाद्या सांध्यावर सुई वर आली आहे आणि तेथून बाजूला एका टाक्याची फांदी काढायची आहे, तर फांदीच्या टोकाला सुई खाली घालावी आणि सांध्याच्याच भोकातून पुन्हा वर काढावी. फांदीची वरची आणि खालची बाजू तिथल्या तिथे पूर्ण होते आणि मूळ रेघेचा क्रम न मोडता पुढे जाता येते. गोपुर, रथ, पालखी, हत्ती अशा मोठ्या नक्ष्या याच रीतीने सुटतात: जाताना कोणती फांदी उरकायची आणि कोणती परतीसाठी ठेवायची, हे आधी कागदावर बोट फिरवून ठरवावे लागते. मला कसुतीतील सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो, कारण येथे सुईआधी विचार चालतो.

मुरगी म्हणजे याच पद्धतीने पायऱ्या-पायऱ्यांनी किंवा नागमोडी जाणारा टाका. तोही दोन्ही बाजूंना सारखाच उतरतो. नेगी मात्र लहान-मोठ्या धावत्या टाक्यांनी विणल्यासारखी नक्षी उठवते, आणि तिच्या मागे त्याच नक्षीची उलट प्रत दिसते. राहिली मेंथी, आणि सगळ्या गोंधळाचे मूळ येथे आहे: मेंथी ही फुलीच आहे. ती भरीव भागासाठी वापरतात, तिला धागा अधिक लागतो आणि तिची मागची बाजू पुढच्यासारखी नसते. म्हणजे कसुतीत फुली आहे, पण फुल्यांनी भरलेले प्रत्येक काम कसुती नव्हे.

म्हणून ‘कापड उलटून पाहा, दोन्ही बाजू सारख्या असतील तर कसुती’ ही नेहमी सांगितली जाणारी खूण अपुरी आहे. ती गवंती आणि मुरगीला लागू पडते. नेगी आणि मेंथीला नाही. तरीही लुगडे उलटून जरूर पाहावे. रेघांच्या जागी दोन्हीकडे तीच रेघ असेल आणि गाठ कुठेही दिसत नसेल, तर काम हाताचे आणि जाणत्याचे आहे. पुढे रंगीत आणि मागे सगळीकडे पांढरा दोरा दिसला, तर ती बहुधा यंत्रावरची नक्कल असते. आणखी एक फसवी जागा आहे ती बॅक स्टिचची. पुढून ती गवंतीसारखीच दिसते, पण मागे तिचे टाके लांब आणि एकमेकांवर चढलेले असतात. काही शिकवण्यांमध्ये तीच गवंती म्हणून शिकवली जाते, हे थांबले पाहिजे.

कापडाचा फरकही ध्यानात घ्यावा. क्रॉस स्टिचसाठी आयडा नावाचे कापड मिळते. त्यात एका इंचात किती चौकटी बसतात, त्यावरून त्याचा क्रमांक ठरतो. 14 क्रमांकाच्या आयडावर 70 चौकटींची नक्षी 5 इंचांची होते, 18 क्रमांकावर ती 4 इंचांहूनही थोडी कमी भरते. 14 क्रमांकावर सहापदरी दोऱ्यातले दोन पदर पुरतात. इरकलवर अशा तयार चौकटी नसतात. बारीक धागे स्वतः मोजावे लागतात, आणि तेही बहुतेकदा काळ्या किंवा गडद रंगावर. काळ्या कापडाचे धागे दिसत नसतील तर मांडीवर पांढरे फडके अंथरून त्यावर काम धरावे. भोकांतून पांढरे दिसू लागते आणि मोजणी सोपी होते.

आधी काय शिकावे, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर हेतूवर अवलंबून असते. रंगीत चित्र पूर्ण करून भिंतीवर लावण्याचा आनंद हवा असेल, तर क्रॉस स्टिच निःशंकपणे घ्यावे. त्यात चूक लवकर कळते आणि उसवणेही सोपे असते. पण मनात आजीच्या लुगड्यासारखे काम करण्याची इच्छा असेल, तर क्रॉस स्टिचची पायरी मध्ये ठेवू नये. मागून धागा हवा तसा उडवत नेण्याची सवय एकदा हाताला लागली की गवंतीत ती मोडताना फार त्रास होतो. अशांनी मॅटीच्या कापडावर, बोथट टोकाच्या सुईने आणि कापडाच्या रंगाहून ठळक अशा एकाच रंगाच्या दोऱ्याने थेट गवंतीच सुरू करावी. व्हिडिओ शोधायचे असल्यास ‘होल्बाइन स्टिच’ असेही शोधावे. ज्याच्या व्यक्तिचित्रांतील कपड्यांवर असे भरतकाम दिसते, त्या सोळाव्या शतकातील चित्रकाराच्या नावाने युरोपात हाच टाका ओळखला जातो.

पहिला नमुना एका बाजूला फांद्या असलेल्या सरळ रेघेचा असावा, दुसरा बंद चौकोनाचा, आणि त्यानंतर मुरगीच्या पायऱ्या. आरंभी गाठ मारू नये. चार बोटे दोरा मोकळा सोडून द्यावा आणि काम संपल्यावर तो रेघेच्याच टाक्यांखालून ओवून लपवावा. दोरा ओवतानाच जाण्याचा आणि येण्याचा असा दोन्ही प्रवासांचा हिशेब करावा, कारण परतीच्या मध्यावर दोरा संपला तर नवा दोरा जोडण्याची जागा दोन्ही बाजूंनी लपवणे नवशिक्याला जड जाते.