स्वयंपाकघरातला अभंग मागे का पडतो?

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातून आईची हाक आली, "अरे, टाळकरी दोन झालेत की काय?"

खरंच झाले होते. हॉलमधल्या स्पीकरवर एक अभंग चालू होता आणि तोच स्वयंपाकघरातल्या स्पीकरवरही. पेटी ऐकून काही कळत नव्हतं, गवयाचा आवाज जरा जाडसर वाटत होता इतकंच. टाळ मात्र चुगली करत होता. एक ठोका हॉलमध्ये पडायचा आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा ओट्याजवळ.

घोडबंदर रोडवरचं आमचं टू बीएचके घर, त्यात तीन खोल्यांत तीन स्पीकर आणि टीव्हीच्या मागे खोचलेली स्ट्रीमिंग स्टिक. दर वेळी फोन शोधायला नको, टीव्हीच्या रिमोटनेच घरभर गाणं लावता यावं एवढीच माझी हौस होती. पण स्टिकवरच्या अॅपला स्वयंपाकघरातला स्पीकर दिसेचना. म्हणून मी एका हाताने रिमोट, दुसऱ्याने फोन धरून "एक, दोन, तीन" म्हणत दोन्ही बटणं एकदम दाबली होती. त्याचे हे टाळ.

स्पीकर का दिसत नव्हता, ते आधी सांगतो. सकाळी भाजीवाला बिल्डिंगखाली येऊन एकदाच हाळी देतो. कोण घरी आहे, कोणाला मेथी हवी, हे त्याला माहीत नसतं. ज्याला हवी तो गॅलरीत येऊन ओ देतो. स्टिकही तेच करते. घरच्या नेटवर्कवर २३९.२५५.२५५.२५० हा पत्ता अशा हाळीसाठीच राखलेला आहे. त्यावर "स्पीकर कोणी आहे का?" असा छोटासा संदेश जातो. टीव्ही, प्रिंटर, फोन तो सोडून देतात. स्पीकर तेवढे आपला पत्ता कळवतात. ही हाळी त्या नेटवर्कच्या फाटकापलीकडे जात नाही. इंटरनेट बसवायला आलेल्या माणसाने आमच्याकडे एक नेटवर्क घरच्यांसाठी आणि एक पाहुण्यांसाठी करून ठेवलं होतं. स्वयंपाकघरातला स्पीकर पाहुण्यांच्या नेटवर्कवर बसला होता आणि पाहुण्यांनी घरातल्या वस्तूंशी बोलायचं नाही, असा राऊटरचा नियम. दोन तास मी स्पीकरला शिव्या घातल्या. तो बिचारा ओ द्यायला तयार होता, त्याला हाळीच ऐकू येत नव्हती.

स्पीकर योग्य नेटवर्कवर आणला आणि रिमोटचं बटण दाबलं. आता गंमत अशी की गाणं टीव्हीतून स्पीकरकडे जातच नाही. स्टिक फक्त निरोप देते: अमुक गाणं लाव, आवाज वीसवर ठेव. हा निरोप एखाद्या चिठ्ठीएवढा असतो. गाणं स्पीकर स्वतः इंटरनेटवरून ओढतो, म्हणून मधेच टीव्ही बंद केला तरी अभंग चालू राहतो. हा धंदा घराघरांत नेणाऱ्यांपैकी एक सोनोस. या कंपनीची स्थापना २००२ सालची, पहिलं यंत्र २००५ चं. तिच्या रचनेत खोल्यांचा गट केला की एक स्पीकर म्होरक्या होतो. गाणं तोच आणतो आणि बाकीच्यांना वाटतो. "थांब" हा निरोपही म्होरक्यालाच द्यावा लागतो. दिंडीतल्या एखाद्या वारकऱ्याला थांबवून दिंडी थांबत नाही, त्यातलाच प्रकार.

इथपर्यंत सगळं निरोपानिरोपीचं काम. खरी अवघड गोष्ट पुढे आहे: तिन्ही खोल्यांचं "आत्ता" एकच असणं.

या बाबतीत आमच्या ठाण्याला जुना अनुभव आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, तेव्हा देशात गावोगावी वेगळी वेळ होती. पुढे रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावू लागली आणि मुंबईची घड्याळं मुंबईच्या वेळेवर. दोन्हींत साधारण अर्ध्या तासाचा फरक. १ जानेवारी १९०६ ला सगळ्या देशाची एक प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईतल्या कित्येकांनी तिच्याहून ३९ मिनिटं मागे असलेली आपली वेळ कित्येक वर्षं सोडली नाही. आमच्या तीन स्पीकरांचंही असंच. प्रत्येकातलं घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालतं आणि प्रत्येकाची चाल किंचित वेगळी. दोन स्फटिकांत दहा लाखांत चाळीस भागांचा फरक म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण तासाभरात तो १४४ मिलिसेकंद होतो. सकाळी एकत्र सुरू झालेले टाळकरी पोह्यांची बशी रिकामी होईपर्यंत वेगळे वाजू लागतील.

यावरचा उपाय १९८५ साली डेव्हिड मिल्स यांनी इंटरनेटवरच्या संगणकांसाठी बांधला. स्पीकर थोड्याफार फरकाने तीच युक्ती वापरतात. स्वयंपाकघर म्होरक्याला विचारतं, "तुझ्याकडे किती वाजले?" समजा, प्रश्न पाठवताना स्वयंपाकघराच्या घड्याळात शून्य होतं आणि उत्तर आलं तेव्हा २० मिलिसेकंद झाले होते. उत्तर होतं "१५०". जायला-यायला सारखाच वेळ लागला असं धरलं, तर म्होरक्याने ते उत्तर दिलं तेव्हा इथे १० वाजले असणार. म्हणजे आपलं घड्याळ १४० ने मागे. अडचण एवढीच, की वायफायवर जाण्यायेण्याचा वेळ सारखा राहत नाही. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोणी काही डाउनलोड करायला घेतलं की उत्तर रेंगाळतं. म्हणून हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात आणि सगळ्यात लवकर आलेल्या उत्तरावर जास्त विश्वास ठेवतात. रेंगाळत आलेला साक्षीदार वाटेत कुठे थांबला होता, कोणाला ठाऊक?

घड्याळं जुळली की म्होरक्या गाण्याचे तुकडे पाठवतो आणि प्रत्येक तुकड्यावर लिहिलेलं असतं, हा अमुक क्षणी वाजवायचा. तुकडे थोडे आधी पोहोचतात, साठवले जातात आणि वेळ झाली की वाजतात. स्फटिकाची चाल चुकत राहतेच. सीडीच्या दर्जाच्या गाण्यात सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची क्षणाक्षणाची मापं, असतात. त्यांतला एखादा अधूनमधून गाळून किंवा वाढवून हिशेब सांभाळता येतो. कानाला पत्ता लागत नाही.

तरीही खोल्यांमधल्या पॅसेजमध्ये उभं राहिलं की टाळ जरा पसरट वाटतो. इथे दोष यंत्राचा नाही, हवेचा आहे. आवाज एका मिलिसेकंदात जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो. आमच्या ओट्यापासून हॉलमधला स्पीकर सात मीटरवर आहे, म्हणजे तिथला आवाज आईच्या कानाला २० मिलिसेकंद उशिराच मिळणार. ठाणे स्टेशनच्या फलाटावर हेच मोठ्या प्रमाणावर ऐकू येतं. सगळे भोंगे एकाच क्षणी बोलतात, पण शंभर मीटर लांबच्या भोंग्याचं "येणारी गाडी" आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो. तोवर डोक्यावरचा भोंगा पुढच्या शब्दावर गेलेला असतो.

घरात इतका घोटाळा होत नाही, कारण मेंदू आपल्याला सांभाळून घेतो. हेल्मुट हास यांनी १९४९ च्या आपल्या प्रबंधात हे तपासलं होतं: तोच आवाज थोड्या उशिराने दुसऱ्या बाजूने आला, तर आपल्याला दोन आवाज ऐकू येत नाहीत. मेंदू दोन्ही एकत्र करतो आणि आवाज पहिल्या दिशेनेच आला असं मानतो. बोलण्याच्या बाबतीत ही सवलत तीसेक मिलिसेकंदांपर्यंत सहज मिळते. टिचकीसारख्या तुटक आवाजाला मात्र ती पाचेक मिलिसेकंदांतच संपू लागते. पेटी गप्प राहिली आणि टाळाने चुगली केली, ती यामुळे. तुम्हाला आपल्या घरचे स्पीकर तपासायचे असतील तर गायकाच्या भरवशावर राहू नका. टाळ किंवा चिपळ्या लावा आणि दारात उभे राहा.

टीव्हीचाच आवाज घरभर न्यायचा असेल तर मात्र गणित फिरतं. गाणं अर्धा सेकंद साठवून ठेवलं तरी कोणाचं काही बिघडत नाही. पडद्यावर ओठ हलत असले की बिघडतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तरी लक्षात येतं. उशिरा आला तर १२५ पर्यंत लक्षात येत नाही. हा पक्षपात निसर्गातूनच आलेला दिसतो. दादोजी कोंडदेव क्रीडागृहात सीमारेषेजवळ बसलात तर बॅट आधी फिरते, 'टक्' मागून येतो. उलटं कधी झालेलं आपण पाहिलेलंच नाही. म्हणून काही यंत्रणा टीव्हीखालचा साउंडबार चित्राबरोबर ठेवतात आणि बाकीच्या खोल्यांना किंचित मागे राहू देतात.

आमच्याकडे आता तशीच सोय आहे. संध्याकाळी आईची मालिका हॉलमध्ये आणि ओट्याजवळही चालते. मी तिला म्हटलं, "स्वयंपाकघरात जरा उशिरा ऐकू येतं, चालेल का?" ती कणीक मळता मळता म्हणाली, "मला कुठे इथून टीव्ही दिसतोय? आणि सासू 'नाहीऽऽ' म्हणाली की ते तसंही तीनदा दाखवतात."