विमा वेब प्रणालींची थरबद्ध रचना

वेबवरून विमा विकणाऱ्या, पॉलिसी सांभाळणाऱ्या आणि दावे निकाली काढणाऱ्या सॉफ्टवेअरचे काम एकावर एक रचलेल्या थरांत वाटून देण्याची पद्धत. बहुधा चार थर आढळतात. ग्राहकाला किंवा एजंटाला दिसतो तो दर्शनी थर. त्याखाली कामांचा क्रम लावणारा सेवा थर. त्याखाली विम्याचे नियम जाणणारा नियम थर. आणि तळाशी नोंदी राखणारा साठवण थर. वरच्याने खालच्याला काम सांगावे, खालच्याने वरच्याची ओळखही ठेवू नये, हा मूळ दंडक. डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६८ मध्ये वर्णन केलेली ऑपरेटिंग सिस्टिम याच दंडकाने थर रचून बांधलेली होती. थर म्हणजे वेगळे यंत्र नव्हे. चारही थर एकाच सर्व्हरवर सुखाने चालू शकतात.

विम्याला ही रचना विशेष मानवते, कारण येथे व्यवहार संपत नाही. किराणा मालाचे बिल झाले की विषय मिटतो. पॉलिसी वर्षभर, तीन वर्षे, आयुर्विम्यात तीस वर्षेही जगते, आणि तेवढ्या काळात नियम बदलत राहतात. म्हणून नियम थर हा साऱ्या प्रणालीचा गाभा होय. त्याला ब्राउझर, डेटाबेस, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी बाहेरची सेवा) यांपैकी काहीच ठाऊक नसावे. गाडीची, ग्राहकाची आणि तारखांची माहिती आत जावी, प्रीमियम व त्याचा तपशील बाहेर यावा, एवढेच त्याचे काम.

भारतातील खाजगी मोटारीचे उदाहरण घेऊ. गाडी ११९७ सीसीची, स्वतःच्या नुकसानीचा म्हणजे ओडी प्रीमियम ६,००० रुपये, नो क्लेम बोनस, म्हणजे आधी दावा न केल्याबद्दलची सवलत, ३५ टक्के. बोनस फक्त ओडीवर मिळतो, म्हणून ओडी उरला ३,९००. थर्ड पार्टीचा, म्हणजे इतरांना होणाऱ्या हानीच्या विम्याचा, दर सरकारने ठरवलेला; १ जून २०२२ पासून १,००० ते १,५०० सीसीसाठी तो ३,४१६ रुपये झाला. बेरीज ७,३१६, त्यावर १८ टक्के जीएसटी १,३१६.८८, एकूण ८,६३२.८८. सवलत चुकून एकूण बेरजेवर लावली तर कराआधीच १,१९५.६० रुपये कमी वसूल होतात. संगणकाचा पडदा व्यवस्थित चालतो, पावतीही निघते, त्यामुळे अशी चूक महिनोन्महिने लपून राहते. नियम एकाच ठिकाणी असेल तर असे हिशेब हाताने करून शेकडो चाचण्या लिहिता येतात आणि डेटाबेस न लावता त्या काही सेकंदांत चालतात.

त्याहून अवघड प्रश्न तारखांचा. १ जून २०२२ पूर्वी याच गटाचा थर्ड पार्टी दर ३,२२१ रुपये होता. मे महिन्यात सुरू झालेल्या पॉलिसीच्या मालकाने नोव्हेंबरात सीएनजी किट बसवले की एंडोर्समेंट, म्हणजे चालू पॉलिसीतील बदलाची नोंद, निघते. त्या वेळी मूळ थर्ड पार्टी प्रीमियम नव्या दराने पुन्हा आकारायचा नसतो. म्हणून दर हा प्रोग्रॅममधला आकडा नसावा, ‘लागू झाल्याची तारीख’ आणि ‘संपल्याची तारीख’ असलेली नोंद असावी, आणि नियम थराने ‘आजचा दर’ न विचारता ‘या पॉलिसीच्या सुरुवातीच्या दिवसाचा दर’ विचारावा. तो दर प्रणालीत कधी भरला गेला, ही दुसरी तारीखही जपावी. ग्राहकाला अमुक दिवशी अमुक कोटेशन का दाखवले गेले, याचे उत्तर पुढे तक्रार आल्यावर तिच्यावरूनच देता येते.

वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. समूह विम्यावर आणि मोटार विम्यावर तो राहिला. ज्या प्रणालीत ‘१८’ हा आकडा पडद्यावरच्या कोडमध्ये, पीडीएफच्या साच्यात आणि एसएमएसच्या मजकुरात वेगवेगळा लिहिलेला असतो, तेथे असा बदल म्हणजे शोधमोहीम ठरते आणि एखादी जागा हमखास सुटते.

पॉलिसी मध्यरात्री सुरू होते, तेथे आणखी एक खड्डा आहे. भारतीय वेळेचे १ जून ००:०० म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेचे ३१ मे १८:३०. सर्व्हर यूटीसीवर असेल आणि साठवण थराने वेळेसकट नोंदलेल्या क्षणातूनच तारीख काढली, तर पॉलिसी एक दिवस मागे सरकते आणि वरच्या उदाहरणात जुना दर लागून १९५ रुपये बुडतात. पॉलिसीची तारीख ही तारीख म्हणूनच साठवावी, पैसे मिळाल्याचा क्षण मात्र वेळेसकट. रकमांसाठी दशमान प्रकार किंवा पूर्णांक पैसे वापरावेत. द्विमान अपूर्णांकात ०.१ अचूक बसत नाही आणि पडद्यावरची बेरीज पीडीएफशी एका रुपयाने जुळेनाशी होते.

दर्शनी थराबद्दल थोडक्यात इतकेच, की ब्राउझरने पाठवलेल्या प्रीमियमवर कधीही विश्वास ठेवू नये. पडद्यावरची गणना ग्राहकाच्या सोयीसाठी. पैसे घेण्याआधी सर्व्हरवर ती पुन्हा व्हायलाच हवी. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस जातो, आणि हे दिवस ग्राहकाच्या मोबाइलच्या घड्याळावरून मोजणे धोक्याचे.

सेवा थराची खरी कसोटी पैसे भरताना लागते. विमा अधिनियम १९३८ च्या कलम ६४ व्हीबीनुसार प्रीमियम आधी मिळाल्याशिवाय विमा कंपनीला जोखीम घेता येत नाही. ग्राहकाने पैसे भरून ब्राउझर बंद केला, तर पैसे गेले पण पॉलिसी नाही, अशी स्थिती उद्भवते. त्या रात्री अपघात झाला तर हा केवळ तांत्रिक दोष राहत नाही. म्हणून ब्राउझर परत येण्यावर विसंबू नये. गेटवेकडून सर्व्हरला थेट येणारा निरोप खरा मानावा, तो दोनदा आला तरी पॉलिसी एकच निघावी यासाठी व्यवहार क्रमांकावर डेटाबेसमध्ये एकमेवतेचे बंधन (तोच क्रमांक दुसऱ्यांदा नोंदू न देणारे) घालावे, आणि अडकलेले व्यवहार दर काही मिनिटांनी गेटवेशी ताडून पाहावेत.

ट्रान्झॅक्शनची, म्हणजे डेटाबेसमध्ये एकतर पूर्ण होणाऱ्या नाहीतर पूर्ण रद्द होणाऱ्या बदलांच्या गटाची, हद्दही सेवा थरच आखतो, आणि ती लांबली की प्रणाली कोसळते. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतील हिकारी या प्रचलित कनेक्शन पूलमध्ये, म्हणजे डेटाबेसशी जोडणाऱ्या कनेक्शनच्या सामायिक साठ्यात, मूळ मर्यादा दहा कनेक्शनची असते. ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून गेटवेला हाक मारली आणि गेटवे मंदावला, तर दहा ग्राहक दहा कनेक्शन धरून बसतात. अकराव्याला साधे कोटेशनही मिळत नाही, तीस सेकंदांनी त्याच्यापुढे त्रुटी येते. ३१ मार्चच्या गर्दीत हे घडते तेव्हा दोष डेटाबेसला दिला जातो. उपाय सोपा आहे : ‘पैसे अपेक्षित’ अशी नोंद करून ट्रान्झॅक्शन बंद करावे, मग बाहेर हाक मारावी, आणि उत्तर आल्यावर नवे उघडावे.

साठवण थरात पॉलिसीची जुनी नोंद पुसून नवी लिहू नये. प्रत्येक एंडोर्समेंट नवी आवृत्ती म्हणून जोडावी. दाव्याच्या वेळी अपघाताच्या दिवशीचे संरक्षण काय होते, हेच विचारले जाते. दोन कर्मचारी एकाच दाव्यावर काम करत असतील, तर आवृत्ती क्रमांक तपासल्याविना एकाचा बदल दुसरा नकळत गिळतो. आजारांची माहिती लॉगमध्ये, म्हणजे प्रणालीच्या कामकाजाच्या नोंदवहीत, उतरू नये याची खबरदारी मात्र सगळ्याच थरांनी घ्यायची असते.

या रचनेचा अतिरेकही होतो. नामनिर्देशिताचा मोबाइल क्रमांक बदलायला तीच माहिती प्रोग्रॅममधल्या पाच वेगवेगळ्या साच्यांमध्ये ओतावी लागत असेल आणि मधले थर नुसते पुढे ढकलत असतील, तर ते थर काढावेत. निव्वळ वाचनाच्या पडद्यांना, उदाहरणार्थ एजंटाच्या रिन्यूअल यादीला, नियम थर टाळून सरळ साठवणीतून वाचू देणे योग्यच. पण रक्कम, जोखीम किंवा तारीख बदलणारी कोणतीही वाट नियम थराला वळसा घालून जाता कामा नये, मग ती रात्री आपोआप चालणाऱ्या एकगठ्ठा कामाची, म्हणजे बॅचची, असो वा एक्सेलमधून नोंदी चढवणाऱ्या कार्यालयीन पडद्याची. या दोन वाटांनी गळती होऊ शकते.